खिडकी उघडण्याआधीच अडलेला प्रोग्रॅम : लिंकरच्या त्रुटी कशा सोडवाव्यात

रत्नागिरीत संध्याकाळी माझ्याकडे सी भाषा शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिला चित्रमय प्रोग्रॅम म्हणून भरती-ओहोटीची रेघ काढायला सांगतो. विषय त्यांच्या अंगणातलाच असतो. मिरकरवाडा बंदराला लागून वाढलेल्या मुलाला पाणी कधी चढेल आणि कधी उतरेल हे वेगळे शिकवावे लागत नाही. आपल्या किनाऱ्यावर एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटे जातात, एवढे सांगितले की साइन फलन वापरून एक ढोबळ लाट काढता येते. एक्स विंडो सिस्टमवर, म्हणजे पडद्यावर खिडक्या आणि चित्रे दाखवणाऱ्या व्यवस्थेवर, एक खिडकी उघडायची, त्यात ती लाट बिंदूबिंदूने जोडून दाखवायची, असा साठ-सत्तर ओळींचा हा प्रोग्रॅम आहे.

दरवर्षी निदान एक तरी विद्यार्थी उतरलेल्या चेहऱ्याने येतो. त्याचा प्रोग्रॅम ‘चालत नाही’, आणि तो दुरुस्त करण्यासाठी त्याने दोन संध्याकाळी ओळी मागेपुढे करण्यात घालवलेल्या असतात. प्रोग्रॅम मात्र पहिल्यापासून बरोबर असतो. अडचण लिंकरची, म्हणजे प्रोग्रॅमला बाहेरच्या लायब्ररी (तयार फंक्शनांचे साठे) जोडणाऱ्या साधनाची असते, आणि ती प्रोग्रॅमच्या मजकुरात शोधून सापडणारच नसते. ही ओळख वेळेवर पटावी, एवढ्यासाठी हा लेख आहे.

लेखातील कमांड मी उच्चाराप्रमाणे नागरीत लिहिल्या आहेत. टंकताना त्या रोमन अक्षरांत टंकाव्यात. ‘-एल’ म्हणजे उणे चिन्ह आणि त्याला चिकटून छोटा एल. ‘एक्स११’ असे लायब्ररीचे नाव येईल तिथे एक्स हे अक्षर कॅपिटल आहे. छोटे असेल तिथे मी तसे सांगेन, कारण या एका अक्षरावर पुष्कळ काही अवलंबून असते.

त्रुटी कोणाची आहे

सी प्रोग्रॅम बांधणारी ‘जीसीसी’ ही एक कमांड दिली की प्रत्यक्षात चार कामे एकापाठोपाठ होतात. आधी प्रीप्रोसेसर हेडर फाइली आत ओततो, मग कंपायलर सी भाषेचे असेंब्लीत रूपांतर करतो, असेंब्लर त्यातून ऑब्जेक्ट फाइल बनवतो आणि सगळ्यात शेवटी लिंकर त्या ऑब्जेक्ट फाइलीला बाहेरच्या लायब्ररी जोडून चालवता येईल अशी फाइल तयार करतो. संदेश यांपैकी कोणाकडून आला आहे, हे आधी ठरवावे.

कंपायलरची तक्रार असेल तर फाइलीच्या नावापुढे ओळीचा आणि स्तंभाचा क्रमांक असतो, आणि चुकलेली ओळही खाली छापलेली असते. लिंकरची तक्रार असेल तर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू’ हे शब्द दिसतात आणि शेवटची ओळ बहुधा ‘कलेक्ट२: एरर: एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस’ अशी असते. या शेवटच्या ओळीत उपयोगाचे काहीही नाही. नवशिके नेमकी तीच ओळ इंटरनेटवर शोधतात आणि शंभर वेगवेगळी उत्तरे वाचून गोंधळतात. वाचायची ती ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू’ असलेली सर्वांत वरची ओळ, आणि तिच्यातही त्या शब्दांपुढचे अवतरणचिन्हांतले नाव.

शंका राहिली तर दोन्ही कामे वेगळी करून पाहावीत.

जीसीसी -सी भरती.सी

यातल्या ‘-सी’ या पर्यायामुळे काम ऑब्जेक्ट फाइलीपाशी थांबते. ‘भरती.ओ’ ही फाइल मुकाट्याने तयार झाली, तर तुमच्या सी भाषेत व्याकरणाची चूक नाही आणि लागणारी हेडरही सापडली आहेत. यापुढे जे अडेल ते जोडणीत अडेल. हेडर फाइल ‘अशा नावाचे एक फंक्शन आहे आणि त्याला अमुक गोष्टी द्याव्या लागतात’ एवढेच सांगते. त्या फंक्शनचे प्रत्यक्ष काम लायब्ररीत असते. म्हणून हेडर घेतले म्हणजे लायब्ररीही आली, हा समज पहिल्याच दिवशी सोडून द्यावा.

आता ‘भरती.ओ’ला काय काय हवे आहे, ते तिलाच विचारता येते.

एनएम -यू भरती.ओ

माझ्यासमोरच्या यादीत एक्सओपनडिस्प्ले, एक्सक्रिएटसिंपलविंडो, एक्समॅपविंडो, एक्सड्रॉलाइन आणि साइन ही नावे आहेत, आणि प्रत्येकापुढे मोठा यू आहे. यू म्हणजे हे नाव वापरले आहे, पण त्याची व्याख्या इथे नाही. लिंकरच्या हातात पडते ती हीच यादी.

आडनावावरून गाव

कोकणात समोरच्याचे आडनाव वेंगुर्लेकर, दाभोळकर किंवा मालवणकर असले की त्याचे मूळ गाव विचारावे लागत नाही. चित्रमय लायब्ररींतल्या फंक्शनांचेही बरेचसे तसेच आहे. फरक एवढाच की गावाची खूण नावाच्या शेवटी नसून सुरुवातीला असते. ‘जीटीके_’ने सुरू होणारे नाव जीटीकेचे, ‘जीडीके_’ने सुरू होणारे जीडीकेचे, ‘कायरो_’चे कायरोचे, ‘एसडीएल_’चे एसडीएलचे. छोट्या ‘जीएल’नंतर कॅपिटल अक्षर आले तर ओपनजीएल, ‘ग्लट’ आले तर फ्रीग्लट, ‘जीएलएफडब्ल्यू’ आले तर त्याच नावाची लायब्ररी. नुसत्या कॅपिटल एक्सने सुरू होणारे नाव बहुधा लिबएक्स११ मध्ये सापडते.

मात्र आडनाव एका गावाचे आणि बिऱ्हाड दुसऱ्या गावात, हे जसे घडते, तसे इथेही घडते. एक्सशेपकम्बाइनमास्क किंवा एक्सएसएचएमअटॅच ही फंक्शने एक्सचीच आहेत, पण ती लिबएक्स११ मध्ये नसून लिबएक्सएक्स्टमध्ये राहतात. एक्सआरआरने सुरू होणारी लिबएक्सरँडरमध्ये, एक्सएफटीची लिबएक्सएफटीमध्ये. अंदाज चालत नसेल तेव्हा लायब्ररीलाच विचारावे.

एनएम -डी /यूएसआर/लिब/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू/लिबएक्स११.एसओ.६ | ग्रेप एक्सओपनडिस्प्ले

इथला ‘-डी’ कॅपिटल आहे आणि तो विसरू नये, कारण वितरणातल्या (म्हणजे उबुंटू, डेबियन यांसारख्या लिनक्सच्या तयार संचातल्या) लायब्ररींतून साधी नावांची यादी काढून टाकलेली असते आणि फक्त जोडणीसाठी लागणारी नावे उरलेली असतात. नावापुढे टी दिसला की व्याख्या इथेच आहे.

साइनचे गाव लिबएम, म्हणजे गणिताची लायब्ररी. ‘मॅन ३ साइन’ वाचले तर त्यातच -एलएम जोडण्याची सूचना असते. येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांना नेहमी चकवते. प्रोग्रॅममध्ये साइन(०.५) असा ठरलेला आकडा लिहिला असेल तर -एलएम न देताही जोडणी होते, कारण कंपायलर ते उत्तर स्वतःच काढून ठेवतो आणि फंक्शन बोलावण्याची वेळच येत नाही. त्या आकड्याच्या जागी चल राशी आली की तोच प्रोग्रॅम ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू साइन’ म्हणून अडतो. ‘काल चालले, आज का नाही?’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा असे असते.

दोन्ही गावे कळली, की कमांड अशी होते.

जीसीसी भरती.सी -ओ भरती -एलएक्स११ -एलएम

‘-एल’नंतर नावातला ‘लिब’ आणि शेवटचा ‘.एसओ’ गाळून उरलेला भाग द्यायचा असतो. बाकीचे लिंकर जोडून घेतो.

यादीतले नाव तुमच्या स्वतःच्याच फंक्शनचे निघाले, तर दुसरी सी फाइल कमांडमध्ये द्यायची राहिली आहे असे समजावे. आणि नाव ‘मेन’ असेल, तर मुख्य फाइलच राहिली आहे.

लायब्ररी आहे, तरी सापडत नाही

‘कॅनॉट फाइंड -एलएक्स११’ असा संदेश आला, तर लिंकरला फाइलच मिळालेली नाही. आधी टंकलेले अक्षर तपासावे. माझ्या पाहण्यात या संदेशाचे सर्वांत मोठे कारण छोटा एक्स हेच आहे. युनिक्समध्ये लिबएक्स११ची लहान आणि मोठी अक्षरे म्हणजे दोन वेगळी नावे.

अक्षर बरोबर असेल तर विकासकांसाठीचे पॅकेज बसवलेले नाही. इथे मुले हटकून म्हणतात, ‘पण सर, समोर डेस्कटॉप चालू आहे, मग एक्सची लायब्ररी नाही कशी?’ प्रश्न रास्त आहे. संगणकावर ‘लिबएक्स११.एसओ.६’ असते, आणि चालणाऱ्या प्रोग्रॅमांना तेवढेच पुरते. लिंकर मात्र शेवटी आकडा नसलेली ‘लिबएक्स११.एसओ’ शोधतो. ही फाइल म्हणजे आकडेवाल्या फाइलीकडे बोट दाखवणारा एक दुवा आहे, आणि तो हेडर फाइलींसह वेगळ्या पॅकेजमध्ये येतो. त्यामुळे पॅकेज मुळातच नसेल तर बहुधा कंपायलरच आधी ‘एक्सलिब.एच’ हे हेडर मिळत नाही म्हणून थांबतो; औषध दोन्हीवर एकच.

डेबियन आणि उबुंटूवर या पॅकेजच्या नावाच्या शेवटी ‘-डेव्ह’ असते आणि सगळी अक्षरे छोटी असतात : लिबएक्स११-डेव्ह, लिबजीटीके-३-डेव्ह, लिबएसडीएल२-डेव्ह. फेडोरावर शेवटी ‘-डेव्हल’ येते आणि लिबएक्स११-डेव्हलमधला एक्स कॅपिटल राहतो. आर्च लिनक्स असे तुकडे पाडत नाही. तिथे लायब्ररीसोबतच हेडर येतात. पॅकेजचे नाव आठवत नसेल तर डेबियनवर ‘एप्ट-फाइल सर्च’ आणि फेडोरावर ‘डीएनएफ प्रोव्हाइड्स’ या कमांड फाइलीच्या नावावरून पॅकेज शोधून देतात.

तो दुवा स्वतःच्या हाताने तयार करा, असा सल्ला पुष्कळ ठिकाणी दिलेला आढळतो. तो पाळू नये. आज काम होईल, पण पुढे लायब्ररीची आवृत्ती बदलली की हाताने केलेला दुवा जुन्याच फाइलीकडे बोट दाखवत राहील आणि त्रुटी कुठून आली हे कोणाच्या लक्षात येणार नाही.

आपल्या भागासाठी एक सूचना. जून ते सप्टेंबर वीज आणि नेट यांचा भरवसा धरता येत नाही. म्हणून मे महिन्यातच लागणारी पॅकेजे उतरवून ठेवावीत. ‘एप्ट-गेट इन्स्टॉल’ला ‘--डाउनलोड-ओन्ली’ जोडले की पॅकेजे न बसवता ‘/वार/कॅश/एप्ट/आर्काइव्ह्ज’ या फोल्डरमध्ये जमा होतात, आणि तिथून पेनड्राइव्हवर घेऊन त्याच आवृत्तीच्या दुसऱ्या संगणकावर नेता येतात.

क्रम

सगळी नावे बरोबर, सगळी पॅकेजे जागेवर, आणि तरीही तीच त्रुटी, अशी वेळ आली की क्रम पाहावा.

लिंकर कमांड डावीकडून उजवीकडे वाचतो. बाजारहाटाला निघालेल्या माणसासारखा तो एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो. दुकानासमोर आल्यावर हातातल्या यादीत जे लिहिलेले असेल तेवढेच घेतो आणि मागे वळत नाही. तुमची ऑब्जेक्ट फाइल म्हणजे ती यादी. ती हाती पडण्याआधीच दुकान मागे पडले, तर तिथले काहीच पिशवीत येत नाही. म्हणून खालची कमांड चुकीची आहे.

जीसीसी -एलएक्स११ -एलएम भरती.सी -ओ भरती

शेवट ‘.ए’ असलेल्या स्थिर लायब्ररींच्या, म्हणजे जोडताना प्रोग्रॅममध्येच उतरवल्या जाणाऱ्या लायब्ररींच्या, बाबतीत जीएनयू लिंकर हा नियम कुठल्याही वितरणावर पाळतो. ‘.एसओ’ लायब्ररींच्या बाबतीत तो वितरणावर अवलंबून राहतो, आणि हा भेद ठाऊक नसेल तर माणूस चक्रावून जातो. उबुंटूने ११.१० या आवृत्तीपासून लिंकरला ‘--ॲज-नीडेड’ हा पर्याय आपोआप दिला जाईल अशी व्यवस्था केली. तिथे पोहोचेपर्यंत जिची गरज नोंदलेली नाही ती लायब्ररी त्यामुळे गाळली जाते. डेबियनवर हा पर्याय आपोआप लागत नाही. एका मुलीने घरी डेबियनवर वरचीच कमांड देऊन लाट काढली होती, आणि वर्गातल्या उबुंटूवर तीच कमांड अडली. तिने कॉपी करताना काहीतरी राहिले असेल म्हणून फाइल तीनदा आणली. फाइल तीनही वेळा अक्षरशः एकच होती. -एलएक्स११ आणि -एलएम ‘भरती.सी’च्या मागे नेताच खिडकी उघडली.

लायब्ररींचा आपापसांतला क्रमही असाच ठेवावा : जिला गरज आहे ती आधी, जी गरज भागवते ती नंतर. जीएलएफडब्ल्यूची स्थिर लायब्ररी वापरत असाल तर तिच्यानंतर ओपनजीएल, एक्स११ आणि शेवटी गणिताची लायब्ररी येईल. दोन स्थिर लायब्ररींना एकमेकींचीच गरज असेल तर त्यांतली एक पुन्हा लिहावी. तसे करण्यात काही गैर नाही.

हा क्रम दर वेळी हाताने सांभाळण्यापेक्षा पीकेजी-कॉन्फिग या साधनावर सोपवणे शहाणपणाचे आहे. बहुतेक डेव्ह पॅकेजांसोबत शेवट ‘.पीसी’ असलेली एक छोटी फाइल येते आणि तिच्यात हेडर कुठे आहेत, लायब्ररी कोणत्या आणि कोणत्या क्रमाने द्यायच्या, हे लिहिलेले असते.

जीसीसी भरती.सी -ओ भरती $(पीकेजी-कॉन्फिग --सीफ्लॅग्ज --लिब्ज एक्स११) -एलएम

येथे पीकेजी-कॉन्फिगला दिलेल्या नावातला एक्स छोटा आहे. जीटीके ३ साठी हेच नाव ‘जीटीके+-३.०’ आणि जीटीके ४ साठी ‘जीटीके४’ असे आहे. स्थिर जोडणी करायची असेल तर ‘--स्टॅटिक’ही द्यावे, म्हणजे एरवी न दाखवलेल्या लायब्ररीही यादीत येतात.

मेकफाइल, म्हणजे ‘मेक’ या साधनासाठी बांधणीच्या सूचनांची फाइल, लिहीत असाल तर -एलने सुरू होणारे सगळे ‘एलडीलिब्ज’ या चलात ठेवावे, ‘एलडीफ्लॅग्ज’मध्ये नाही. जीएनयू मेकच्या अंगभूत नियमात एलडीफ्लॅग्ज फाइलींच्या आधी येतात आणि एलडीलिब्ज नंतर. चुकीच्या चलात लिहिलेल्या बरोबर नावांनी मी स्वतः एक अख्खी सुट्टी घालवली आहे.

‘डीएसओ मिसिंग फ्रॉम कमांड लाइन’

हा संदेश पाहून घाबरू नये. डीएसओ म्हणजे ‘.एसओ’ लायब्ररीच. लिंकरच्या सर्व संदेशांत हाच सर्वांत जास्त मदत करणारा आहे. समजा तुम्ही जीटीके ३ चा प्रोग्रॅम लिहिला आणि त्यात एके ठिकाणी थेट एक्सओपनडिस्प्ले वापरले. पीकेजी-कॉन्फिगने जीटीकेच्या लायब्ररी दिल्या. त्यांतल्या जीडीकेला स्वतःला लिबएक्स११ लागते, म्हणून लिंकरला ती वाटेत दिसलीही. पण दुसऱ्याने आपल्या कामासाठी आणलेली लायब्ररी तुम्हाला परस्पर वापरू द्यायची नाही, असा आताच्या जीएनयू लिंकरचा नियम आहे. ज्या लायब्ररीतले फंक्शन तुम्ही थेट बोलावता, तिचे नाव तुम्हीच दिले पाहिजे. संदेशातच त्या फाइलीचा पूर्ण मार्ग छापलेला असतो. त्यावरून -एलएक्स११ जोडावे आणि मोकळे व्हावे. हा नियम नवीन असताना २०११च्या आसपास पुष्कळ जुने प्रोग्रॅम अडले, म्हणून त्याआधीच्या पुस्तकांतल्या काही कमांड जशाच्या तशा चालत नाहीत.

सी++ आणि क्यूट

त्रुटीतल्या नावापुढे कंसात प्रकार दिसले, उदाहरणार्थ ‘लाटकाढा(इंट)’, तर लिंकर सी++ पद्धतीचे नाव शोधत आहे. लायब्ररी सी भाषेत लिहिलेली असेल तर तिच्यातले नाव नुसते ‘लाटकाढा’ असते आणि दोघांची गाठ कधीच पडत नाही. अशा वेळी हेडरमधली घोषणा ‘एक्स्टर्न "सी"’ या कंसात घालावी. उलट बाजूने, ‘एसटीडी::’ने सुरू होणारी दहा-वीस नावे एकदम आली तर सी++चा प्रोग्रॅम ‘जीसीसी’ने जोडला जात आहे, ‘जी++’ वापरावे.

क्यूट या सी++च्या चित्रमय लायब्ररीत ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू व्हीटेबल फॉर’ असा संदेश आला तर लायब्ररी शोधत बसू नये. ‘क्यू_ऑब्जेक्ट’ लिहिलेल्या वर्गासाठी मॉक हे साधन आणखी काही सी++ तयार करून देते, आणि ते झालेले नसते. बांधणीसाठी क्यूमेक वापरत असाल तर ते पुन्हा चालवावे. सीमेक वापरत असाल तर ‘सीमेक_ऑटोमॉक’ चालू ठेवावे.

‘मल्टिपल डेफिनिशन ऑफ’ ही याच्या उलट तक्रार आहे : एकच नाव दोनदा सापडले. बहुधा हेडरमध्ये सार्वत्रिक चल लिहिलेले असते. जीसीसी १० पासून, म्हणजे २०२० पासून, याकडे काणाडोळा होत नाही. हेडरमध्ये ‘एक्स्टर्न’ लावावे आणि व्याख्या एकाच सी फाइलीत ठेवावी.

लिनक्सबाहेर

फ्रीबीएसडीवर पॅकेजमधून आलेल्या लायब्ररी ‘/यूएसआर/लोकल/लिब’मध्ये असतात आणि लिंकर तिथे आपण होऊन पाहत नाही, म्हणून कॅपिटल -एलने तो मार्ग आणि कॅपिटल -आयने हेडरचा मार्ग द्यावा लागतो. ओपनबीएसडीवर एक्सचे घर ‘/यूएसआर/एक्स११आर६’ आहे. मॅकवर एक्सक्वार्ट्झ वेगळे बसवावे लागते आणि ते ‘/ऑप्ट/एक्स११’मध्ये जाते. मॅकचा लिंकर नावाआधी एक अधोरेषा लावून ‘_एक्सओपनडिस्प्ले’ असे दाखवतो. ती अधोरेषा तुमची चूक नव्हे. मॅकच्या स्वतःच्या चित्रमय लायब्ररी ‘-एल’ने नव्हे तर ‘-फ्रेमवर्क कोको’ अशा पर्यायाने जोडल्या जातात. या सर्व ठिकाणी पीकेजी-कॉन्फिग असेल तर मार्ग पाठ करण्याची गरज उरत नाही.

जोडले, पण सुरू होत नाही

‘भरती’ ही फाइल तयार झाली आणि चालवताना ‘एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज’ असे आले, तर आता लिंकर नव्हे, प्रोग्रॅम सुरू करून देणारा लोडर बोलत आहे. ‘एलडीडी ./भरती’ दिले की प्रत्येक लायब्ररीसमोर तिचा मार्ग दिसतो आणि हरवलेलीसमोर ‘नॉट फाउंड’. तुम्ही स्वतः बांधून ‘/यूएसआर/लोकल/लिब’मध्ये ठेवलेली लायब्ररी असेल तर डेबियन आणि उबुंटूवर ‘सुडो एलडीकॉन्फिग’ चालवून लोडरची नोंद ताजी करावी. लायब्ररी तुमच्या घरच्या फोल्डरात असेल तर ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ या चलाने तात्पुरते काम भागते, पण ते कायमचे लिहून ठेवू नये. नकळत दुसरे प्रोग्रॅमही त्या जुन्या लायब्ररी उचलू लागतात. कायमसाठी जोडणीच्या वेळीच ‘-डब्ल्यूएल,-आरपाथ,’ लिहून स्वल्पविरामापुढे मार्ग द्यावा.

एलडीडीची यादी पूर्ण असूनही खिडकी आली नाही आणि एक्सओपनडिस्प्लेने शून्य परत दिले, तर जोडणीत आता शोधण्यासारखे काही नाही. ‘एको $डिस्प्ले’ देऊन पाहावे, सगळी अक्षरे कॅपिटल. ओळ कोरी आली तर तुम्ही बहुधा दूरच्या संगणकावर एसएसएचने शिरलेले आहात. बाहेर येऊन ‘एसएसएच’ला कॅपिटल -एक्स जोडून पुन्हा आत जावे आणि ‘./भरती’ चालवावे.